व्यसनमुक्ती केंद्र बघताना तिथले डॉक्टर-काउन्सेलर खरे की नावापुरते, कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

पंचगंगा_काठ
नमस्कार मंडळी. माझ्या मामांसाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधतोय. मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत आहेत, वय पंचेचाळिशीच्या पुढे. आधी फक्त संध्याकाळची होती. आता सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्याउठल्या घ्यावी लागते. परवा मामा स्वतःच मामीला म्हणाले, "मला कुठंतरी ठेवा." हे वाक्य ऐकायला घरात सगळ्यांनी किती वर्षं वाट बघितली ते सांगत नाही.

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी भागातल्या काही केंद्रांना फोन लावले. फी किती, जेवण काय, सकाळी योगा किती वाजता, हे सगळे पटापट सांगतात. "तुमचे डॉक्टर कोण, शिक्षण काय?" असं विचारलं की गाडी अडते. एकानं तर "येतात हो डॉक्टर, तुम्ही पत्ता द्या, गाडी पाठवतो" एवढंच उत्तर दिलं. "तज्ज्ञ टीम, चोवीस तास नर्स" हे सगळ्यांच्याच पत्रकावर आहे.

तर तिथल्या कुणाकुणाची पात्रता बघायची, ती तपासायची कुठे आणि फोनवर नेमकं काय विचारायचं? कृपा करून केंद्रांची नावं लिहू नका, जाहिरात नको आणि बदनामीही नको.

तालीमकर
पैलं काम, मामांना सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) मानसोपचार ओपीडीत नेऊन दाखवा. केंद्र मागनं बघा. सरकारी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं.
आणि तुम्ही विचारताय ते बरोबरच आहे. आपल्याकडं पोरगं तालमीत घालायचं तर आधी वस्ताद कोण, कुणाच्या हाताखाली तयार झालाय ते विचारतात. तालमीला रंग कुठला दिलाय ते कोण बघत नाही.

मनोमन
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात नाही. सगळ्यात आधी एक महत्त्वाचं: सकाळी हात थरथरणं आणि त्यासाठी प्यावी लागणं, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. केंद्र सापडेपर्यंत घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, अंगात ताप, नाडी पळत असते. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो.

म्हणून पात्रतेचा प्रश्न पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त महत्त्वाचा असतो. त्या दिवसांत लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध किती द्यायचं, लिव्हर खराब असेल तर कुठलं द्यायचं, कसं कमी करत न्यायचं, हे डॉक्टरनंच ठरवायचं. आपल्याकडे "अशक्तपणा आहे, ग्लुकोजची सलाईन लावा" ही पद्धत फार आहे. बरीच वर्षं पिणाऱ्या माणसाच्या अंगात बी-१ म्हणजे थायमिन कमी असतं. त्याला थायमिनचं इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ज्या केंद्रात हे कुणालाच माहीत नाही, तिथे मामांना पाठवू नका.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी सायकिॲट्री, डीएनबी किंवा डीपीएम. डॉक्टरचं पूर्ण नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक साधारण वर्ष/महिना/आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही बघा. क्रमांक मागितल्याचा कुठल्याही खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. मला तरी नाही येत.

भडंग_एक_नंबर
डॉक्टरसाहेब, एक शंका. आमच्या भागातल्या केंद्रात बीएचएमएस (होमिओपॅथीचे) डॉक्टर राहायला असतात आणि एमडी "व्हिजिटिंग" असतात. हे चालतं का? का लगेच पळून यायचं?

मनोमन
पळून यायचं कारण नाही. निवासी डॉक्टर आहे ही चांगलीच गोष्ट. पण "व्हिजिटिंग" म्हणजे काय ते खोदून विचारा. कुठल्या वारी येतात, किती वाजता, नवीन पेशंटला दाखल झाल्यापासून किती तासांत बघतात, रात्री दोन वाजता फिट आली तर फोन कुणाला जातो आणि जवळचं आयसीयू असलेलं कुठलं हॉस्पिटल ठरलेलं आहे. "महिन्यातून एकदा येतात" असं उत्तर आलं तर पहिल्या आठवड्यातल्या पेशंटसाठी ती जागा नाही.

कायदेकानू
वकील आहे, थोडं कायद्याचं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (लागू २९ मे २०१८ पासून) यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था स्पष्टपणे घातल्या आहेत. त्यामुळे अशा पेशंटना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. "आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे" हे त्याचं उत्तर नाही. ती नोंदणी ट्रस्टची असते, उपचाराची नव्हे. बरीच केंद्रं तेच प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि लोक समाधानानं परत येतात.

तात्पुरती नोंदणी बारा महिन्यांची असते, म्हणून तारीख वाचा. विनानोंदणी केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, पुढे पाच लाखांपर्यंत.

माणसांबद्दल म्हणाल तर कायद्यात प्रत्येकाची व्याख्या आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण लागतं, सर्वसाधारणपणे दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव शोधता येतं. नुसतं एमए मानसशास्त्र केलेली व्यक्ती उत्तम काउन्सेलिंग करत असेल, पण पाटीवर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहिलं असेल तर ते चूक आहे. सायकिॲट्रिक सोशल वर्करला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पुढे त्या विषयातलं एमफिल. नर्सची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे.

बीएचएमएसबद्दल: आयुर्वेदात मानसरोग किंवा होमिओपॅथीत सायकिॲट्री या विषयात पदव्युत्तर पदवी असेल तर कायदा त्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो. साध्या पदवीला नाही.

आडवाटेचा_वाटसरू
सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडणार.

मी स्वतः दारुडा. बरीच वर्षं झाली, घेत नाही. माझ्यासमोर चांगले शिकलेले लोक बसले होते आणि मी त्यांना सहज गुंडाळत होतो. बायकोची तक्रार, साहेबाचा त्रास, वडिलांचं वागणं, सगळं सांगायचो आणि ते वहीत लिहून घ्यायचे. ज्यानं मला पकडलं तो दहावी नापास होता. वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे मी पण सांगायचो. बाटली कुठं लपवलीस ते सांग." त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं बोललो. त्याच्याकडं कुठलं रजिस्टर आहे हो?

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथंही बरे झालेले लोक काम करतातच. एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) मध्ये तर डिग्रीचा विषयच नाही, फी पण नाही. तुम्ही सगळे कागद तपासत बसाल आणि ज्याच्यामुळं माणूस वाचतो तोच माणूस यादीतून बाद कराल, ही भीती वाटते मला.

मोगरा
वाटसरूदादा, तुमचा मुद्दा मनापासून पटला. पण मुक्तांगण सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या हेही लक्षात घ्या ना. तिथे बरे झालेले लोक आहेत आणि डॉक्टरही आहेत, दोघंही.

मी नर्स आहे, जीएनएम करून मानसोपचार वॉर्डात बरीच वर्षं काढली. मला कुणी विचारलं तर मी रात्रीबद्दल सांगते. दिवसा सगळीकडे सगळे असतात. रात्री अकरानंतर कोण जागं असतं ते विचारा. नोंदणीकृत नर्स आहे, की गेटवरचा वॉचमन गोळ्या वाटतो? बीपी, नाडी, तापाची नोंद दर काही तासांनी कुठे लिहिली जाते, ते रजिस्टर दाखवा म्हणायचं. दुसऱ्या पेशंटची नावं झाकून किंवा कोरं पान दाखवलं तरी रकाने कळतात. गोळ्यांचं कपाट कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे आहे? जिथे किल्ली पेशंटपैकीच कुणाकडे असते तिथून मी माझ्या माणसाला परत आणीन.

आणि फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालणारे, कांदा हुंगवणारे "सीनिअर स्टाफ" मी पाहिलेत. म्हणून विचारा की फिट आली तर तुम्ही काय करता? उत्तर हवं ते असं: कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, डॉक्टरला बोलावतो.

शाहूपुरीकर
लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो. माझा धाकटा भाऊ एका केंद्रात होता. नाव लिहीत नाही, पंचगंगा_काठ यांनी सांगितलंय आणि आमचं प्रकरण चालू आहे.

तिथे भिंतीवर सगळं होतं. एमडींचं प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक, फोटो. आम्ही क्रमांक तपासलाही, खरा निघाला. पण भाऊ होता तेवढ्या काळात ते डॉक्टर त्याला एकदाही दिसले नाहीत. केसपेपरवर सही मात्र दर आठवड्याला. आत कारभार वॉर्डन बघायचा. तो स्वतः काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तिथलाच पेशंट. उशिरा उठलं की मार, घरी फोन मागितला की जेवण बंद, डोक्याचे केस कापलेले. भाऊ बाहेर आला तो दारूला घाबरत नव्हता, माणसांना घाबरत होता.

त्यामुळे नुसता क्रमांक खरा निघाला म्हणून थांबू नका. त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात फोन करा आणि विचारा, "तुम्ही अमुक केंद्रात पेशंट बघता का, कुठल्या दिवशी?" एवढा एक फोन पुरतो.

कायदेकानू
शाहूपुरीकर, हे वाचून वाईट वाटलं. जबरदस्तीनं मुंडण, साखळदंड, एकांतात कोंडणं, सक्तीनं काम करून घेणं, हे सगळं त्याच कायद्यानं मना केलंय. बांधून ठेवायचंच झालं तर तेही अगदी तातडीच्या धोक्यात आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, शिक्षा म्हणून कधीच नाही. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा (पेशंटच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) पत्ता आणि फोन प्रत्येक केंद्रानं दर्शनी भागात लावायचा असतो. केंद्रात गेल्यावर ती पाटी शोधा. भाऊंच्या प्रकरणात काही कागद बघायचे असतील तर व्यक्तिगत निरोप करा, फी नाही.

आडवाटेचा_वाटसरू
शाहूपुरीकर, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. अशा वॉर्डनमुळं आमची सगळ्यांची नावं खराब होतात, संताप येतो.

माझं म्हणणं आता नीट मांडतो. बरा झालेला माणूस केंद्रात पाहिजेच, पण त्याच्या हातात किल्ली, काठी आणि गोळ्या द्यायच्या नाहीत. त्यानं बोलायचं, ऐकायचं, मीटिंगला न्यायचं. तुम्ही विचारा की हा काउन्सेलर किती वर्षं व्यसनाबाहेर आहे, त्यानं प्रशिक्षण कुठं घेतलं आणि त्याच्यावर देखरेख कुणाची आहे. स्वतःच नुकता सुटलेला माणूस दुसऱ्याला सांभाळायला लावला तर तोही बुडतो. हे मी डोळ्यानं बघितलंय.

उचगाव_नाका
सगळं ठीक, पण खर्चाचं कोण बोलणार? एमडी, एमफिल, चोवीस तास नर्स असलेली जागा परवडते कुणाला? आमच्यासारखी माणसं स्वस्तातल्या केंद्रात जातात कारण दुसरं काही नसतं. तिथं जाऊन रजिस्टर दाखवा म्हटलं तर "दुसरीकडं जा" म्हणतील.

तालीमकर
म्हणून तर सीपीआर म्हटलं. तिथल्या डॉक्टरची डिग्री तपासायला लागत नाही, सरकारनं तपासूनच घेतलेत. गर्दी असते, बाकं मोडकी असतात, पण डॉक्टर खरा असतो.

मनोमन
उचगाव_नाका, तुमचा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं असतात. त्यांची माहिती १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर मिळते. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.
शिवाय सगळ्यांना राहून उपचार लागतातच असं नाही. बऱ्याच जणांचं ओपीडीत औषधं, घरच्यांची साथ आणि एएच्या मीटिंग यावर चालतं. मामांच्या बाबतीत मात्र सकाळची थरथर आहे, म्हणून आधी तपासणी.

भडंग_एक_नंबर
आमच्या शेजारच्या काकूंनी पावडर आणली होती कुठल्या तरी महाराजांकडनं. आमटीत टाकायची, कळत पण नाही म्हणे. त्यात डिग्रीचा प्रश्नच नाही. :)

मनोमन
भडंगराव, काकूंना आजच थांबवा, हात जोडून सांगतो. अशा पुड्यांत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते औषध चांगलं आहे, आम्हीही देतो, पण पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि लिव्हर तपासून. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली. हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. चोरून तर कधीच द्यायचं नाही.

भडंग_एक_नंबर
काकूंना सांगितलं. पुडी कचऱ्यात. आता मामा बरे होऊन आले की गंगावेशीत धारोष्ण दुधाची पार्टी माझ्याकडनं. पितळी पेला, फेसासकट.

उचगाव_नाका
म्हशीसमोर उभं राहून प्यायचं असेल तर मी पण येणार.

तालीमकर
धाग्याचा दूधकट्टा झाला. मामांना आधी बरं होऊ द्या रे.

कळंब्याची_लेक
विषयाला धरूनच, पण जरा वेगळं विचारते. पेशंट बाई असेल तर? माझ्या जाऊबाईंना झोपेच्या गोळ्यांची सवय आहे. घरात कुणी "व्यसन" हा शब्दच उच्चारत नाही. केंद्रात बायकांसाठी काय बघायचं?

मोगरा
ताई, आधी विचारा की बायकांसाठी वेगळा विभाग आहे का आणि रात्रपाळीला नर्स बाईच असते का. "एक मावशी असतात" यावर समाधान मानू नका, मावशी नर्स नव्हेत. मुक्तांगणचा स्त्रियांसाठी "निशिगंध" हा वेगळा विभाग आहे. आणि झोपेच्या गोळ्याही दारूसारख्याच एकदम बंद करायच्या नसतात, फिट येऊ शकते. कुठली गोळी, किती, ते पाकिटासकट मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

कायदेकानू
भर घालतो. पेशंट स्वतः तयार नसेल आणि नातेवाइकामार्फत दाखल करायचं असेल तर नुसत्या घरच्यांच्या सहीवर करून घेता येत नाही. एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. मुदत तीस दिवसांपर्यंत. जे केंद्र "तुम्ही सही करा, आमची पोरं उचलून आणतील" म्हणतं, त्याच्याकडे ही दोन माणसं आहेत का एवढं विचारा.

पंचगंगा_काठ
सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मामांना सीपीआरला नेलं. डॉक्टरांनी लिव्हरच्या तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं की पहिले दिवस हॉस्पिटलमध्येच काढायचे, मग केंद्र. थायमिनचं मी विचारायच्या आधीच त्यांनी लिहिलं होतं.

दरम्यान मामी आणि मी केंद्रं बघून आलो. गाडी पाठवतो म्हणणाऱ्यांनी आत सोडलंच नाही, "पेशंटना त्रास होतो" म्हणाले. दुसरीकडे चकाचक हॉल, मोठा टीव्ही. डॉक्टरांचा क्रमांक दिला, तो कौन्सिलच्या साइटवर सापडला. मग शाहूपुरीकरांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर तिथं पूर्वी जायचे, आता जात नाहीत." मामीचा चेहरा बघवत नव्हता, तिला ती जागा फार आवडली होती.

तिसरं केंद्र साधं आहे, पत्र्याची शेड आणि पुढं आंबा. नर्सनं न मागता नोंदींचं रजिस्टर काढलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, वार सांगितले, त्यांच्या दवाखान्यातूनही तेच कळलं. एमएसडब्ल्यू झालेली एक मुलगी आहे, तिनं सरळ सांगितलं की "मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, त्या शनिवारी येतात." वाटसरूदादा, तुमच्यासारखे एक काका पण आहेत तिथे. मामीशी अर्धा तास बोलले. किल्ली त्यांच्याकडे नाही, विचारून घेतलं. प्राधिकरणाच्या नोंदणीची तारीख चालू आहे.

मामांची अट एकच आहे, सुटल्यावर रंकाळ्यावर फिरायला जाणार. कबूल केलंय.

आडवाटेचा_वाटसरू
त्या काकांचा नंबर मामींनी घेऊन ठेवावा. आणि मामींसाठी अल-ॲनॉनची मीटिंग कुठं भरते त्याची चौकशी करा, ती घरच्यांसाठीच असते. मामा आल्यावर मीटिंगला मी नेतो, व्यक्तिगत निरोप करतो.

कायदेकानू
मामा स्वतः तयार आहेत, त्यामुळे अर्जावर सही त्यांचीच घ्या, "स्वतंत्र दाखल" म्हणून. अशा पेशंटला घरी जायचं म्हटलं तर अडवून ठेवता येत नाही, तपासणीसाठी फार तर चोवीस तास. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या.

मोगरा
आणि हॉस्पिटलमधून केंद्रात नेताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, म्हणजे डोस तुटणार नाही. शक्यतो सकाळी आणि डॉक्टरांच्या वारीच दाखल करा. शनिवारी संध्याकाळी नेऊ नका.

पंचगंगा_काठ
डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. मंगळवारी सकाळी नेतो.